न वाचलेल्या पुस्तकांची समीक्षा

न वाचलेल्या पुस्तकाविषयीही अर्थपूर्ण बोलता येते, ग्रंथविश्वातील त्याचे स्थान ठाऊक असले म्हणजे पुरे, असे प्रतिपादन पिएर बायार या फ्रेंच समीक्षकाने २००७ साली केले. ते स्थान ठरवणाऱ्याने तरी पुस्तक वाचलेले असते, हे यात गृहीत आहे. मराठीत हे गृहीतक टिकत नाही.

विकत घेऊन वर्षानुवर्षे न वाचलेली पुस्तके गेले काही महिने मी जानेफळला क्रमाने वाचतो आहे. त्यांत आमच्याच तालुक्याचे, मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे ‘शीळ’ (१९५४) आणि ‘खूणगाठी’ हे संग्रह होते. समीक्षेने ना. घं.ची बोळवण ‘भावगीतकार’ या एका शब्दात केली; तीही मुख्यतः जी. एन. जोशी यांनी गायिलेल्या एका गीताच्या बळावर! ‘खूणगाठी’ला १९८६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी बिरुद तेच राहिले. गीत कानावर एकटे येते. संग्रहात मात्र प्रत्येक कवितेला शेजारची कविता छेद देते, तिचा अर्थ हलवते. हा छेद ज्याने अनुभवलाच नाही, त्याने कवीचे स्थान कशाच्या आधारे ठरवले?

वाचकलक्ष्यी सिद्धान्तांवर आपल्याकडे प्रबंध लिहिले जातात. त्यांच्या संदर्भसूचीतील कोणती पुस्तके प्रत्यक्ष वाचली, असे मौखिक परीक्षेत विचारायला हरकत कोणाची असेल? विद्यार्थ्यांपेक्षा परीक्षकांचीच अधिक असावी. तो प्रश्न उलटून येण्याचा संभव आहे.