बाळाच्या वजनासोबत आईचीही विचारपूस हवी

कोल्हापूरच्या करवीर, राधानगरी, शाहूवाडी तालुक्यांत दिवस कलायला लागला की रस्त्याकडेने वैरणीचे भारे चालताना दिसतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उसाच्या ओल्या वाड्याचा भारा आणि त्याखाली धड न दिसणारा बाईचा चेहरा. म्हशीचं दूध सकाळी डेअरीला जायचं असतं, म्हणून भारा चुकत नाही. यातलीच एखादी सोबतिणीला हात लावायला सांगून भारा उतरवते, बांधाच्या आडोशाला जाते, काहीतरी सावरून येते आणि पुन्हा भारा घेऊन चालू लागते. वर्षानुवर्षं हे चालतं. नवऱ्याला, सुनेला पत्ता नसतो. फारच जवळची कुणी असली, तर तिच्या कानाशी ती म्हणते, "अंग बाहेर येतंय."

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. लांबलेल्या कळांनी, कमी वयातल्या आणि पाठोपाठच्या बाळंतपणांनी ती सैल पडते. सव्वा महिना व्हायच्या आत उचललेल्या घागरी, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ तिच्यावर आणखी ताण टाकतात. पाळी गेल्यावर उरलासुरला जोरही ओसरतो. आतले अवयव खाली उतरू लागतात, तेच हे 'अंग बाहेर येणं'. मग शिंकताना लघवी होते, एरवी ती मोकळी होत नाही, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. बाहेर आलेला भाग कपड्याला घासून जखम होते. फार दुर्लक्ष झालं, तर मूत्रपिंडावरही ताण येतो. लघवीच्या धास्तीने बाई पाणी कमी पिते, एसटीचा लांबचा प्रवास टाळते, लग्नकार्याला जात नाही. घरचे म्हणतात, हिला माणसांत यायलाच नको.

बायकांची अशी दुखणी किती खोल दडलेली असतात, ते डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. या अभ्यासाने जगाचे डोळे उघडले. आपल्या गावातल्या बाईपर्यंत मात्र 'तुला काही त्रास आहे का' हा प्रश्न अजून पोचलेला नाही.

अंग बाहेर येण्याचं दुखणं असाध्य असतं, तर गप्प बसणं समजू शकलं असतं. पण सुरुवातीला पकडलं, तर लघवी अडवताना जे स्नायू आवळतात तेच दिवसातून तीनदा आवळण्या-सोडण्याच्या व्यायामाने पुष्कळ फरक पडतो. तो नेटाने काही महिने करावा लागतो. त्यापुढची पायरी रिंग. सिलिकॉनची किंवा प्लास्टिकची ही गोल कडी आतल्या अवयवांना आधार देते. कासार हात दाबून बांगडीचं माप ठरवतो, तसं डॉक्टर तपासून रिंगचं माप ठरवतात. ठरल्या वेळी ती काढून धुवावी लागते, एवढंच पथ्य. शस्त्रक्रिया लागलीच, तरी गर्भाशय राखता येतं. तरुण स्त्रियांसाठी तशा शस्त्रक्रिया मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी घडवल्या, आणि आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

असं असूनही कित्येकींच्या वाट्याला एकच सल्ला येतो, 'पिशवी काढून टाका.' ऊसतोड बायकांचंच पाहा. कोल्हापूरच्या कारखान्यांना ऊस तोडायला बीडहून कोयते, म्हणजे तोडकरी जोडपी, येतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं हे बायकांचं रोजचं काम, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. कारणं निरनिराळी असतील, पण साधे उपचार आधी करून पाहिले का, हा प्रश्न उरतोच. शिवाय पिशवी काढल्यावर आधार आणखी सैल होऊन योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो, हे बाईला आधी कुणी सांगायचं?

नेपाळमध्ये २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अंग बाहेर येण्याच्या या आजाराला स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न मानून सरकारला उपाय करायला लावले. आपल्याकडे कोर्टात जायचीही गरज नाही. बाळंतिणीच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते. घरातला सव्वा महिना तो जवळपास हाच. बाळाचं वजन करते, ताप पाहते, आईला रक्तस्रावाबद्दल विचारते. घरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धतही बंग दांपत्याने गडचिरोलीतच सिद्ध केली होती. बाळांचं काम सरकारने उचललं, आयांचं मागे राहिलं. त्याच भेटीत दोन प्रश्न नेमाने विचारले जावेत : खाली जड वाटतं का? खोकताना लघवी होते का? शेजारी सासू बसलेली असते, तिलाही एकटीला बाजूला घेऊन हेच विचारावं. कारण तिने ते वीस वर्षं लपवलेलं असू शकतं.

उत्तर 'हो' आलं, तर पुढची सोय जवळ हवी. गगनबावडा किंवा चंदगडच्या बाईला रिंगसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठावं लागू नये. ग्रामीण रुग्णालयात चार-पाच मापांच्या रिंगा, व्यायाम शिकवणारी एक परिचारिका आणि पडदा असलेली तपासणीची खोली, एवढी मागणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीने पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावी.