विजेची शिदोरी



दोह्यात बसून विजेच्या साठ्यावर लिहायचं म्हणजे समुद्रकाठी बसून मीठ जपून वापरा म्हणून सांगण्यासारखं आहे. इथे लाईट शेवटची कधी गेली, ते आम्हालाही आठवत नाही. पण आपल्या सगळ्यांची दोन घरं असतात. एक इथलं, आणि एक जिथे आई वाट बघत असते ते. आमचं दुसरं घर गुहागरजवळ. तिथे मृगाचा पहिला पाऊस आला की सगळ्यात आधी वीज पळते.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. रजा दोन आठवड्यांची, आणि तिच्याजवळ राहायला हवं महिनाभर. साहेब म्हणाले, उरलेले दोन आठवडे तिथून काम करा, पण सकाळी सातला हजर दिसा. दोह्याचे सात म्हणजे आपल्याकडचे साडेनऊ. म्हटलं, सोपं आहे! घरचा इन्व्हर्टर पंखे-दिवे चार-पाच तास ओढतो आणि मग मान टाकतो, म्हणून लॅपटॉपला चालेल अशी पॉवर बँक घ्यायला आम्ही बाजारात गेलो आणि सगळ्यात मोठा आकडा निवडला. ५०,००० एमएएच, आणि किंमत निम्मी! आणखी काय हवं?

ती बँक विमानतळावरच्या तपासणीत राहिली. रजा संपली त्याच आठवड्यात गावी झाड पडून तार तुटली. दोन दिवस आम्ही चिपळूणच्या एका हॉटेलात बसून काम केलं, आणि आईच्या डोळ्यात औषध घालायला शेजारच्या काकू आल्या. ज्यासाठी गेलो होतो, नेमकं तेच राहिलं. त्यानंतर मात्र हा विषय नीट समजून घेतला. तोच हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट, एमएएचला भुलू नका, वॅट-अवर बघा. बँकेतल्या सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट. एमएएचला ३.७ने गुणा आणि हजाराने भागा. २७,००० एमएएच म्हणजे ९९.९ वॅट-अवर. हा आकडा लक्षात ठेवा, कारण विमानात १०० वॅट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीला विचारावं लागतं, आणि त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाही. आमची ५०,०००वाली खरी असती तर १८५ भरली असती, म्हणजे नेता येत नाही. आणि खोटी असती तर न्यायची कशाला? शिवाय तिच्यावर वॅट-अवर छापलेलेच नव्हते. आकडा छापलेला नसलेली बँक फुकट मिळाली तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट वॅटची. साठा म्हणजे टाकी आणि वॅट म्हणजे नळ. टाकी मोठी पण नळ बारीक, तर लॅपटॉप तहानलेलाच राहतो. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिलं असेल, तर बँकेच्या एकाच टाईप-सी तोंडातून ६५ वॅट मिळायला हवेत. खोक्यावर पुष्कळदा सगळ्या तोंडांची बेरीज मोठ्या अक्षरांत असते, ती वाचून खूश होऊ नका. लॅपटॉप टाईप-सीवर चार्ज होतो ना, हेही आधी पाहा. आणि साधी टाईप-सी केबल ६० वॅटपर्यंतच नेते; त्यापुढे १०० वॅटची, आत चिप असलेली केबल लागते.

छापलेलं सगळं पदरात पडत नाही. व्होल्टेज चढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. १०० वॅट-अवरमधले ऐंशी-पंच्याऐंशी हाती लागले तर समाधान मानावं. लिहिण्यावाचण्याच्या कामाला लॅपटॉप तासाला १५ वॅट-अवर घेत असेल, तर पाच तासांहून थोडं अधिक काम होतं.

आता बँक भरायची कशी? मोबाईलच्या जुन्या १८ वॅटच्या चार्जरवर एवढी मोठी बँक भरायला सहा-सात तास जातात. बँक घेत असेल तर ६५ वॅटचा चार्जर लावा, काम दोन-अडीच तासांत होतं. उशीखाली, गादीवर भरायला ठेवू नका. फरशीवर, डोळ्यांसमोर ठेवा. भारतात नेताना इथल्या चौकोनी पिनांना चांगला अडॅप्टर घ्या, ढिला अडॅप्टर ठिणग्या पाडतो. वर्षभर कपाटात पडणार असेल तर अर्धी भरून ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा बघा. फुगलेली बँक दाबू नका, वापरू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका.

आणि इथलं ऊन! कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते साडेतीन माणसांनी उघड्यावर राबायला कायद्याने बंदी आहे. मग बँकेला बंद गाडीत का ठेवायचं? तिथे पारा साठच्या वर जातो. ४५ अंशांच्या वर लिथियमचे सेल चार्ज करू नयेत. गाडीतून आणलेली बँक आधी निवू द्या.

विमानात बँक हातातल्या बॅगेतच न्यायची. २०१७मध्ये मार्चपासून जुलैपर्यंत दोह्याहून अमेरिकेला जाताना लॅपटॉप चेक-इनच्या बॅगेत टाकावा लागे, ते काहींना आठवत असेल. बँकेचा नियम बरोबर उलटा, कारण आग लागलीच तर ती माणसांना दिसायला हवी. २८ जानेवारी २०२५ला दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणापूर्वी पेटलं. माणसं वाचली, आणि तपासात संशय पॉवर बँकेवरच आला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून एमिरेट्सने विमानात बँक वापरायलाच बंदी घातली. तेव्हा तिकीट काढताना आपल्या कंपनीचा नियम वाचा. दारात ऐनवेळी केबिन बॅग खाली पाठवायला मागितली तर आधी बँक बाहेर काढा. घाईत नेमकं हेच विसरतं.

गेल्या जूनमध्ये आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. या वेळी २५,०००ची, आकडा छापलेली बँक बरोबर होती. एका सकाळी अकराला लाईट गेली, ती संध्याकाळी आली. आम्ही पडवीत बसून चारपर्यंत काम केलं आणि मधे दोनदा उठून आईच्या डोळ्यात औषध घातलं. टॉवर बंद पडला असता तर बँकही काही करू शकली नसती, हे कबूल. पण त्या दिवशी तो चालू होता.

काम संपल्यावर आई म्हणाली, "तुझा तो डबा संपला का रे? मग आता दोन घास खाऊन घे."

असो. जूनची तिकिटं काढली असतीलच. बॅग भरण्याआधी बँकेच्या पाठीवरचा आकडा एकदा वाचून घ्या.