अकरा महिन्यांचे घर आणि न संपणारे स्थलांतर

हिंजवडी - राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाभोवतीच्या वसाहतींत सामानाने भरलेला टेम्पो हे नित्याचे दृश्य आहे. नोकरी तीच, कंपनीही तीच. घर मात्र बदलते. भाडेवाढ हे त्याचे ठळक कारण असले, तरी ते एकमेव नाही.

येथील करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने ही प्रथा रूढ झाली. मात्र, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली, तरी लेखी करार व त्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. प्रथेचे कारण संपले, प्रथा उरली. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्यास कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी भाडेकरूची बाजू लंगडी पडते.

नेमका याच वेळी तो वर्षभराचा हिशेब मांडतो. वाढीव भाडे, पुन्हा दलाली, उन्हाळ्यातील टँकर आणि रस्त्यावर जाणारे तास. माण-शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन २०१८ मध्ये झाले. काम वर्षानुवर्षे लांबले. जून २०२५ मध्ये पावसाने उद्यानातील रस्ते पाण्याखाली गेले. कोंडीला कंटाळलेला वाकड-बाणेरचा भाडेकरू माण-मारुंजीत येतो, तर पाणीटंचाईने त्रासलेला तेथून वाकडची वाट धरतो.

घर सोडणेही स्वस्त नाही. रंगरंगोटीच्या नावाखाली अनामत रकमेतून कपात होते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. परंतु राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही.

खरा प्रश्न याहून खोल आहे. उद्यान औद्योगिक विकास महामंडळाचे, भोवतालचे नियोजन पीएमआरडीएचे, तर गावांचा कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतींचा राहिला. दाद कोठे मागावी, हे उमगेपर्यंत करार संपतो. अनेक भाडेकरूंचे नाव येथील मतदारयादीत नसते. जाणाऱ्याबरोबर त्याची तक्रारही जाते आणि नव्या भाडेकरूच्या वाट्याला तोच कोरडा नळ येतो.

नोंदणी करावीच लागते, तर भाडेवाढ आधीच ठरवून दोन-तीन वर्षांचे करार करण्यास कायद्याची आडकाठी नाही. भाडेकरू स्थिरावला, तरच तो पाण्यासाठी आणि रस्त्यासाठी आवाज उठवेल.