तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

दिवाळीत घरोघरी पाहुणे येतात, फराळाची ताटे मांडली जातात, आणि ताटांपाठोपाठ औषधांची पाकिटेही बाहेर निघतात. काका चकलीला हात लावण्याआधी मधुमेहाची गोळी घेतात आणि परवा आपली साखर किती निघाली ते चारचौघांत सांगतात. आत्या रक्तदाबाची गोळी मागते. मग मामांच्या गुडघ्यांची आणि वहिनींच्या थायरॉइडची चौकशी होते. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. उलट, ज्याला सांगण्यासारखा एकही आजार नाही त्याला या गप्पांत कोणी धरतच नाही! पण त्याच घरात आणखी एक गोळी असते. ती टेबलावर येत नाही. ती कपाटात साड्यांच्या घडीखाली असते, नाहीतर स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली पुरलेली असते. ती मनाच्या आजाराची गोळी.

माझे भांडण या लपवालपवीशी आहे. ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांना माझे उत्तर एवढेच की, हा आजार दिवाळीची सुट्टी घेत नाही. आणि सगळे घर एकत्र बसलेले असे वर्षातून कितीदा सापडते?

मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो, चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, एका तालुक्याच्या गावी मुलांना चित्रे काढायला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या विषयात माझा अधिकार एकच. गेली चौदा वर्षे उन्माद आणि खिन्नता या जोडआजाराचा मी रोगी आहे. डॉक्टर त्याला द्विध्रुवी विकार म्हणतात. उन्मादात तीन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि आपण जगाला काही अपूर्व सांगायला आलो आहोत असे वाटू लागते. खिन्नतेत आंघोळीची बादली उचलणे हे डोंगर उचलण्याइतके अवघड होते. यावर मी रोज लिथियमच्या गोळ्या घेतो. आई होती तोवर त्या तांदळाच्या डब्यात ठेवत असे. आज त्या माझ्या टेबलावर, रंगांच्या बाटल्यांशेजारी असतात.

आपली भाषा 'वेड' या शब्दाबाबत मोठी विलक्षण आहे. गाण्याचे वेड, नाटकाचे वेड, क्रिकेटचे वेड यांचे आपल्याला केवढे कौतुक! ज्याला काहीही झालेले नाही तो 'मी म्हणजे वेडा माणूस' असे मोठ्या हौसेने सांगतो. पण ज्याला खरोखर आजार आहे त्याच्याबद्दल आपण स्वयंपाकघरात कुजबुजतो, 'त्याचं जरा डोक्याचं आहे.' ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांतल्या ठाण्याचे आणि पुण्याच्या येरवड्याचे नाव आपण थट्टेत वापरतो. कोणी विसरभोळेपणा केला की 'ह्याला ठाण्याला पाठवा!' हृदयरोगाच्या रुग्णालयाच्या नावाने असा विनोद केलेला मी तरी ऐकला नाही.

ही माणसे मूठभर असतील असे समजू नका. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने १२ राज्यांत मोठी पाहणी केली. तीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता असे दिसून आले, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून कोणी सुटकेचा नि:श्वास टाकू नये. दहांत एक हा हिशेब फराळाला जमलेल्या कोणत्याही मोठ्या कुटुंबाला आत ओढतो.

आता औषधांकडे वळतो. येथे माझे दोन प्रतिपक्षी आहेत आणि दोघेही स्वत:ला माझे हितचिंतक म्हणवतात.

पहिला म्हणतो, 'सोडा हो त्या गोळ्या! नुसतं विष आहे. योग करा, पहाटे फिरा, काहीतरी आयुर्वेदिक घ्या.' पहाटे फिरायला माझी ना नाही. परंतु या गृहस्थाला गोळ्यांच्या आधीचे जग ठाऊक नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी लिथियमचा उन्मादावरील उपयोग १९४९ साली प्रसिद्ध केला. पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध रोग्यांना देऊन त्याचा गुण दाखवला तो १९५२ साली. त्यापूर्वी जगभर काय होते? साखळदंड, कोंडलेल्या खोल्या आणि थंड पाण्याच्या आंघोळी. आपल्याकडे तर साखळदंड पुढेही सुटले नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली आणि २८ रोगी प्राणाला मुकले. त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते, त्यामुळे पळताही आले नाही. गोळीला विष म्हणणाऱ्याने आधी त्या साखळीला काय म्हणायचे ते ठरवावे.

आणि 'आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी' हा समजही एकदा तपासून घ्यावा. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांना पूर्वीपासून माहीत होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्मादावर आणि रक्तदाबावर होणारा गुण लिहून ठेवला. १९५२ साली त्याच मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि पाश्चात्त्य रुग्णालयांतूनही ते दिले जाऊ लागले. ते मन शांत करी, हे खरे. पण नाक चोंदणे, सुस्ती येणे, आणि काहींना खिन्नता येणे अशा तक्रारीही त्याच्यामागे लागल्या. ज्याला गुण आहे त्याला दोषही असणार, मग ते मुळीत असो की कारखान्यात.

दुसरा हितचिंतक याच्या अगदी उलट. तो म्हणतो, 'गोळी घ्या आणि गप्प बसा.' हा घरातच राहतो. त्याचा एकच प्रश्न असतो, 'गोळी घेतली का?' गॅसचे बिल जास्त आले म्हणून मी आवाज चढवला, की 'गोळी घेतली का?' एखाद्या लग्नात मोठ्याने हसलो, की 'गोळी घेतली का?' निरोगी माणसाचा राग हा राग असतो. माझा राग हे लक्षण असते. या प्रश्नामागे काळजी असते, हे मला कळते. पण रोज विचारला की तोच प्रश्न तोंडात कोंबलेल्या बोळ्यासारखा होतो. आणि तो विचारणाऱ्याने एकदाही असे विचारलेले नसते की, 'गोळीचा त्रास काय होतो रे तुला?'

त्रास होतो, तो सांगतो. लिथियमने हात बारीक कापतो. तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते. थायरॉइड आणि मूत्रपिंड यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्त ठराविक मुदतीने तपासावे लागते. रक्तातले प्रमाण कमी पडले तर उपयोग नाही आणि थोडे वाढले तर अपाय! जुलाब झाले, निर्जळी उपास केला, कोणी व्रत म्हणून मीठ एकदम सोडले, किंवा अंगदुखीवर आयब्युप्रोफेनसारखी गोळी दुकानातून आणून घेतली, तर हे प्रमाण वाढू शकते. उपासतापासांच्या आपल्या घरांत ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. इतर औषधांची तऱ्हा वेगळी. हॅलोपेरिडॉलने अंग ताठरते, चाल आखडते, काहींना एका जागी बसवत नाही. ओलान्झापिनने भूक आणि वजन वाढते, साखरही वाढू शकते. क्लोझापिनने झोपेत उशी ओली होईल इतकी लाळ सुटते, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजत राहाव्या लागतात. खिन्नतेवरच्या कित्येक गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकतो. त्यांतल्या काहींनी नवराबायकोच्या सुखात बाधा येते, आणि ते तर डॉक्टरलाही सांगायची चोरी!

आता यातला अन्याय पाहा. आखडलेली चाल, कापणारा हात, सुजल्यासारखा चेहरा, पेंगुळलेले डोळे पाहून लोक म्हणतात, 'बघा, चेहऱ्यावरूनच कळतं!' अहो, जे कळते ते पुष्कळदा औषध असते, आजार नव्हे. जो माणूस नेमाने उपचार घेतो त्याच्याच अंगावर ही खूण उमटते आणि त्या खुणेवरूनच आपण त्याला वाळीत टाकतो.

मी चित्रकला शिकवतो. माझा हात फळ्यावर कापतो, हे मुलांनी पहिल्या आठवड्यातच हेरले. मी त्यांना सांगितले की हे औषधाने होते, आणि ते औषध मला लागते. एका मुलाने लगेच उठून पट्टी धरली, मी रेघ मारली, तास पुढे चालू झाला. मोठ्या माणसांना मात्र वर्ष पुरले नाही. शाळेच्या चालकांपैकी एकाने माझ्या पाठीमागे चौकशी केली, 'मास्तर घेतात का?' मी खरे काय ते सांगायला निघालो, तेव्हा एका सहकाऱ्याने मला कोपऱ्यात नेऊन कळवळ्याने सल्ला दिला, 'दारूचंच राहू द्या, मास्तर. दारू सुटली की लोक विसरतात. हे एकदा कळलं की विसरत नाहीत.' त्या भल्या माणसाचे चुकले असे मी म्हणत नाही. त्याने आपल्या समाजाची किंमतपट्टीच मला वाचून दाखवली. त्या पट्टीवर बाटली वर आहे आणि गोळी खाली. मी चालकांना गोळीच सांगितली. त्यानंतर शाळेच्या सहलीला मुलांबरोबर मला कधी पाठवण्यात आले नाही.

या किंमतपट्टीचा सर्वांत भयंकर प्रयोग लग्नाच्या बाजारात होतो. 'मुलगी बघायला जायचंय, आठ दिवस गोळ्या बंद ठेव, चेहरा जरा तरतरीत दिसेल,' असे सांगणारे वडीलधारे मी पाहिले आहेत. औषध असे एकाएकी तोडले की आजार उलटण्याची भीती मोठी. मग तो हळद उतरण्याच्या आत उलटतो, आणि दोष जातो सुनेच्या पायगुणाला! शिवाय महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती मिळवली असेल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न रद्दही होऊ शकते. 'लग्न झालं की ठीक होईल' म्हणणाऱ्यांना मी विचारतो, परक्याची मुलगी हे काय औषध आहे?

साहित्यिक मंडळींचाही एक लाडका गैरसमज आहे. गोळ्यांनी म्हणे प्रतिभा मरते. उन्मादातच थोर लेखन होते! माझ्या एका उन्मादात मी चारशे पाने लिहिली. त्यांतले एकही छापण्याजोगे निघाले नाही. माझ्या दोन्ही कादंबऱ्या लिथियमवर लिहिलेल्या आहेत. शब्द उशिरा येतात, कधी एका शब्दासाठी सकाळ जाते, हे खरे आहे आणि ते मला बोचते. पण जो जिवंत नाही त्याला एकही शब्द सुचत नाही. या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो, आणि लिथियम तो कमी करते असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. हा सौदा मी डोळे उघडे ठेवून केला आहे.

डोळे उघडे ठेवून, हेच माझे म्हणणे. काही डॉक्टर आणि बहुतेक नातेवाईक म्हणतात की त्रास आधी सांगितला तर रोगी घाबरून औषध सोडील. मी उलट म्हणतो. हात कापू लागला आणि का ते कोणी सांगितले नाही, म्हणजे रोगी घाबरतो आणि चोरून सोडतो. ज्याला आधी सांगितले तो डॉक्टरकडे परत जातो, आणि मग मात्रा कमी करता येते, वेळ बदलता येते, औषध बदलता येते. कायदाही हेच सांगतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे उपचार कोणते आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, हे जाणून घेण्याचा रोग्याला हक्क आहे. त्याच कायद्याने रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच धरावे असे बजावले आहे. कायदा दिल्लीत झाला. तांदळाच्या डब्यापर्यंत तो अजून पोहोचायचा आहे.

तो पोहोचवणे आपल्या हातात आहे. दया दाखवा असे मी म्हणत नाही. दयेने माणूस आणखी लहान होतो. गोळ्या डब्यातून काढा आणि काकांच्या गोळ्यांशेजारी ठेवा. घरात कोणाचा हात कापत असेल तर पाहुण्यांना सरळ सांगा, 'औषधाने कापतो.' होणारा प्रत्येक त्रास वहीत टिपून ठेवा आणि ती वही डॉक्टरपुढे धरा. चार मिनिटांत बाहेर काढले तर पुन्हा आत जा. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका आणि कोणाला सोडायला सांगू नका. कोणाकडे जावे हे कळत नसेल तर २०२२ पासून सुरू झालेला १४४१६ हा सरकारचा दूरध्वनी आहे.

आणि 'गोळी घेतली का?' हे विचारायचेच असेल तर खुशाल विचारा. पण त्यानंतर थोडे थांबा, आणि दुसरा प्रश्नही विचारा, 'त्रास काय होतो?' त्याचे उत्तर लांबेल. तेवढा वेळ करंजी खाली ठेवून ऐका.