फावला वेळ : शरदांतील गोधडी

भाद्रपद सरला, पितृपंधरवडा आटोपला, कीं घरोघरच्या ट्रंका, पेट्या आणि माळ्यावरचीं गाठोडीं गच्चीवर येऊं लागतात. चार महिन्यांचा दमटपणा अंगांत मुरलेल्या गाद्या-पांघरुणांना आश्विनांतील कडक ऊन दाखविल्यावांचून गत्यंतर नसतें. या आवराआवरींत एक प्रश्न दरवर्षीं ठरल्याप्रमाणें उभा राहतो. हीं जुनीं लुगडीं, विरलेलीं धोतरें, पंचे, मुलांचे आंखूड झालेले सदरे, यांचें करावयाचें काय? पूर्वीं भर दुपारीं बोहारणीची हांक येई आणि चार लुगड्यांवर एक पातेलें घासाघीस करून पदरांत पडे. आमच्या भागांत ती हांक आतां क्वचितच ऐकूं येते. जुनेर कोणास देऊन टाकावें, तर घेणारेंही सहसा भेटत नाहीं. मग तें गाठोडें पुन्हा माळ्यावर चढतें आणि पुढील आश्विनाची वाट पाहत बसतें.

या महिन्यांत हें गाठोडें वर न चढवितां त्याची गोधडी शिवावयास घ्यावी, अशी आमची सूचना आहे. या कामास शरदासारखा ऋतु नाहीं. वैशाखांत गोधडी मांडीवर घेऊन बसवत नाहीं. श्रावणांत सुई गंजते आणि कापड दमट लागतें. पौषांत गोधडी शिवावयाची नसून पांघरावयाची असते. आश्विन-कार्तिकांत दुपारचें ऊन तापतें खरें, परंतु उजेड स्वच्छ असतो आणि पहांटेच्या गारव्यानें पुढील गरजेची आठवणही होत असते.

हिशेबी भगिनींकरितां थोडें गणित मांडतें. नऊवारी लुगडें म्हणजे ३२४ इंच. त्याच्या चार सारख्या घड्या घातल्या कीं प्रत्येक थर ८१ इंचांचा, म्हणजे पावणेसात फूट लांबीचा होतो. पन्हा ४५ इंच धरला, तर एका लुगड्यांत एकट्या माणसाला पुरेल अशी चारपदरी गोधडी, एकदांही कात्री न लावतां, बसते. आजच्या सहावारी साडीचे सहा सहा फुटांचे तीनच थर पडतात. तेथें चौथा थर धोतराचा किंवा चादरीचा घालावा लागतो. अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोऱ्याची एक ओळ धरली, तर पन्ह्यांत ९० ओळी बसतात. ९० ओळी गुणिले ८१ इंच म्हणजे ७,२९० इंच, म्हणजे दोनशें वारांहून किंचित् अधिक वाट सुईनें चालावयाची. इंचाला चार टांके पडले तर एकूण टांके २९,००० च्या घरांत जातात. आंकडा छाती दडपविणारा आहे खरा. परंतु सरावलेल्या हातास एका ओळीला दहा-बारा मिनिटें लागतात. बारा धरलीं तरी सारें काम अठरा तासांचें, म्हणजे रोज अर्धा तास याप्रमाणें छत्तीस दिवसांचें. घटस्थापनेपासून कार्तिकी एकादशीपर्यंत ४१ तिथि असतात. दिवाळीच्या धांदलीचे पांच दिवस वगळले कीं छत्तीसच उरतात! पंचांगकर्त्यांनीं गोधडीचा विचार केला नसेल, पण हिशेब मोठा सोईचा जुळला आहे.

गणित सरळ आहे. अवघड आहे तो रोजचा अर्धा तास. एकत्र कुटुंबांत स्त्रीची दुपार ही सर्वांच्या मालकीची वस्तु समजली जाते. नोकरी करणाऱ्या सुनेला तर दुपार नाहींच. तिला रात्रीं साडेनऊनंतर जें काय मिळेल तें. घरांतील पुरुष वर्तमानपत्र घेऊन बसला, गाण्याची बैठक ऐकूं लागला किंवा पत्त्यांचा डाव मांडून बसला, तर 'हें कशासाठीं?' असें त्याला कोणी विचारीत नाहीं. स्त्रीनें सुई हातीं घेतली कीं पहिला प्रश्न येतो, 'कोणासाठीं शिवतेस?' म्हणजे छंद तिनें अवश्य करावा, परंतु त्याचा उपयोग दुसऱ्या कोणाला तरी झाला पाहिजे. मग गोधडी चांगली वठली कीं मागण्या सुरू होतात. नणंदेला नातू व्हावयाचा असतो, भाचा परदेशीं निघालेला असतो, शेजारच्या काकूंनी सहज म्हणून आपलीं दोन लुगडीं आणून ठेविलेलीं असतात. तीन वर्षांत हौसेची चाकरी होते.

यावर कोणी वडीलधारी बाई म्हणेल, 'आमच्या सासवांनीं गोधड्या शिवल्या त्या काय हौसेनें?' तें खरेंच आहे. पांघरूण विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि घरांत पंधरा माणसें निजत होतीं, म्हणून त्या शिवीत होत्या. आज बाजारांत ब्लँकेट सहज मिळतें; गरज संपली आहे. जी गोष्ट गरजेची राहिली नाहीं ती निदान आपल्या खुशीची असावी, एवढेंच आमचें मागणें आहे. म्हणून पहिली गोधडी दुसऱ्या कोणासाठीं शिवूं नये. ती स्वतःच्या अंगावर घ्यावी. आमच्या घरीं गेलीं चार वर्षें एक नियम आहे. तीन ते साडेतीन या वेळांत गोधडीवर बसलेल्या बाईस चहा मागावयाचा नाहीं. ज्यास हवा त्यानें करून घ्यावा आणि तिलाही द्यावा. आरंभीं तो चहा फार वाईट होत असे. आतां बरा होतो.

आतां कामाविषयीं. कापड सुती असावें. पुष्कळ वेळां धुतलेल्या सुताचा कडकपणा जाऊन तें घाम शोषणारें, अंगाला मऊ असें होतें. कृत्रिम धाग्याच्या साड्या वर्षानुवर्षें विटत नाहींत म्हणून त्यांचा मोह होतो. पण त्यांचा थर सुताच्या थरावरून घसरतो आणि निजलेल्या माणसाला उकडतें. गोधडीची ऊब कापडापेक्षां थरांमध्यें कोंडलेल्या हवेची असते. म्हणून फार दाट टांके घातलेली गोधडी टिकाऊ होते पण ताठ राहते, आणि फार विरळ टांक्यांची मऊ होते पण पहिल्याच धुण्यांत आंतील थर गोळा होऊन एका कोपऱ्यांत जाऊन बसतात. अर्धा इंच हें अंतर आम्हांस दोन्ही बाजूंनीं मानवलें आहे. वरच्या थरासाठीं नवें कापड घ्यावयाचें असल्यास तें आधीं एकदोनदां धुवावें; नाहींतर पुढें तें एकटेंच आटतें आणि गोधडी द्रोणासारखी वळते.

थर जमिनीवर पसरून, हातानें चोळून, सुरकुत्या कडेला काढाव्यात, आणि मग वीतभर अंतरावर मोठे कच्चे टांके घालून सारे थर एकमेकांस जखडून टाकावेत. हें काम कंटाळवाणें असल्यामुळें नवशिक्या बायका तें टाळतात. आपल्याकडे बहुधा कडेनें आरंभ करून चौकोनांत चौकोन घालीत मध्याकडे जाण्याची चाल आहे. कच्चे टांके नसले तर वाटेंतलें सारें ढिलें कापड सुईपुढें ढकललें जाऊन शेवटीं मध्यभागीं त्याचा फुगवटा उभा राहतो, आणि तो कांहीं केल्या बसत नाहीं. दोरा ओढून घेऊं नये. टांका बसावा, रुतूं नये. दोरा दुहेरी, हातभर लांबीचाच घ्यावा. अंगुस्तान वापरावेंच. तें न वापरण्यांत कांहीं शौर्य नाहीं.

जुनी गोधडी फाटली तर ती उसवून टाकण्यापेक्षां तिच्यावरच नवा थर चढविण्याचा रिवाज होता. त्यामुळें एका गोधडीच्या पोटांत दुसरी, तिच्या पोटांत तिसरी, अशा पिढ्या निघतात. गेल्या आश्विनांत माळ्यावरून निघालेली एक जुनी वाकळ धुण्याजोगी करावी म्हणून आमच्या सूनबाई उसवावयास बसल्या. वरची चीट निघाली, खालचा धोतराचा थर निघाला, आणि आंतून विटकरी झालेलें एक बिनकांठाचें तांबडें कापड निघालें. तें इतकें मऊ होतें कीं हात फिरवीत रहावें. सूनबाईंना मार्गशीर्षांत दिवस भरावयाचे होते. त्या म्हणाल्या, "आई, याचें बाळाला दुपटें होईल."

माझ्या सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. त्यांनीं चष्मा लावला, कापड बोटांत धरलें आणि म्हणाल्या, "हें आत्याबाईंचें आलवण."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आत्या. तेराव्या वर्षीं वैधव्य आलें, केशवपन झालें, आणि त्यापुढें जन्मभर अंगावर तांबड्या आलवणाखेरीज दुसरें वस्त्र आलें नाहीं. सासूबाई १९५८ सालीं या घरांत आल्या तेव्हां त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. घरांतील तीन पिढ्यांच्या पोरांना त्यांनीं न्हाऊंमाखूं घातलें. परंतु बाळंतिणीच्या खोलींत पहिले दहा दिवस त्या जात नसत, आणि त्यांच्या वस्त्राचा तुकडा पाळण्यांत जाणें तर अशक्यच. "त्यांनींच आपलीं दोन जुनीं आलवणें आंत घालून ही वाकळ शिवली," सासूबाई सांगत होत्या, "आणि वरून खालून चीट लावली, कोणाला दिसूं नये म्हणून. सगळीं पोरें त्याखालीं निजलीं. आम्हां बायकांना ठाऊक होतें. कोणी बोललें नाहीं."

त्या दुपारीं ती वाकळ तशीच अर्धवट उसवलेली पडून राहिली. थोरल्या जाऊबाई दिवाळीच्या खरेदीसाठीं आल्या होत्या. त्यांचें म्हणणें पडलें कीं जुन्या समजुती आपण मानीत नसलों तरी पहिल्या खेपेला उगाच कशाला? घरच्या पुरुषांनीं हा सारा खुळेपणा असल्याचा निर्वाळा दिला आणि ते वर्तमानपत्राकडे वळले. सूनबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत. त्यांनीं कापडाची घडी करून ती सासूबाईंच्या उशाशीं नेऊन ठेविली. दोन दिवसांनीं सासूबाईंनींच हांक मारली. "चार पदरी घे. कडा मी दुमडून देतें, तेवढें मला अजून दिसतें. आणि हें पहा, वरून चीट लावूं नकोस. दिसूं दे तें."

दुपटें तसेंच झालें. रंग जावयाचा तेवढा केव्हांच जाऊन चुकला होता. बारशाला जाऊबाई आल्या, दुपट्याकडे त्यांनीं पाहिलें, आणि मुलाला त्यासकट मांडीवर घेतलें.

असो. जुन्या वस्त्रांना जोडून पांघरूण करण्याची ही विद्या एकट्या महाराष्ट्राची नव्हे. बंगाल्यांत तिला कांथा म्हणतात. तेथील स्त्रिया जुन्या साडीच्या कांठांतून रंगीत दोरा ओढून काढीत आणि त्याच दोऱ्यानें कमळें, हत्ती, पालख्या भरीत. कवि जसीमुद्दीन यांचें 'नक्शी कांथार माठ' हें १९२९ सालचें काव्य अशाच एका कांथेभोंवतीं गुंफलेलें आहे, आणि कलासमीक्षक स्टेला क्राम्रिश यांनीं १९३९ सालीं कांथेवर स्वतंत्र लेख लिहून तिला विद्वानांच्या पंक्तीस बसविलें. आमच्या अधिक जवळचें उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रियांचें. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेले. त्यांपैकीं पुष्कळ पोर्तुगीजांच्या गोव्यांतून निसटून घाटावरच्या रानांत वसले. त्यांच्या गोधडीस कवंदी म्हणतात. ती कोपऱ्यापासून आरंभून कडेकडेनें आंत शिवीत नेतात, आणि शेवटीं चारी कोपऱ्यांवर चिंधीच्या त्रिकोणी घड्यांचीं फुलें लावतात. तीं फुलें नसलीं तर कवंदी उघडी राहिली असें त्या मानतात. आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांना हें भूषण लावून पहावयास हरकत नाहीं. आम्हीं लाविलीं आहेत आणि शोभतात. गोधडीचा सर्वांत थोर मानकरी मात्र आपल्याकडेच होऊन गेला. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत, तें अंगावरील चिंध्यांच्या पांघरुणावरूनच.

दोन शंका नेहमीं विचारल्या जातात. मशीनवर शिवावी काय? चार थरांपर्यंत मशीन चालतें आणि काम दोन दिवसांत होतें. परंतु टांका घट्ट बसून गोधडी सपाट व कडक होते, आणि ज्या अर्ध्या तासासाठीं हा सारा खटाटोप, तोही हातचा जातो. धुवावी कशी? थंड पाण्यांत, सौम्य साबणानें, पिळतां न पिळतां. आणि एका दोरीवर लोंबकळत न ठेवतां दोन दोऱ्यांवर आडवी पसरून, नाहींतर पाण्याच्या भारानें टांके ताणतात. वाळल्यावर कडुनिंबाचीं सुकलेलीं पानें घालून ठेवावी. कार्तिकी पौर्णिमेच्या आधीं ज्यांची एखादी गोधडी पुरी होईल त्यांनीं तिचें माप, थर आणि लागलेले दिवस आम्हांस अवश्य कळवावे. मार्गशीर्षाच्या अंकांत लहान मुलांच्या दुपट्यांचीं मापें देण्याचा विचार आहे.