ट्रंकेतला न धुतलेला रोल

घरात कुणाला पूर्वी फोटोचा नाद असेल तर ट्रंकेच्या तळाशी एखादा न धुतलेला रोल अजून निघतो. आजोबांचा किंवा नव्या विहिरीचा एकुलता एक फोटो त्यातच असायचा! म्हणून फेकण्याआधी त्यावरचे नाव वाचा. स्लाइडची फिल्म असेल तर सारे त्या नावावरच ठरते.

स्लाइड म्हणजे कागदावर न छापता, फिल्मच प्रोजेक्टरमध्ये घालून पडद्यावर पाहायचे चित्र. यात सर्वांत नावाजलेली कोडॅक्रोम. ती १९३५ साली आली. गंमत अशी, की रंग तयार करणारी द्रव्ये या फिल्ममध्ये नसतच. धुताना ती तीन निरनिराळ्या द्रावणांतून भरावी लागत, आणि मध्ये एका बाजूने लाल व दुसऱ्या बाजूने निळा प्रकाश द्यावा लागे. हे घरी कुठले जमायला? ते मोठ्या प्रयोगशाळेचेच काम. कोडॅकने २००९ मध्ये ही फिल्म बंद केली. स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराने शेवटच्या रोलवर मुंबईत अमिताभ बच्चन यांचाही फोटो घेतला, आणि २०१० मध्ये तो रोल स्वतः अमेरिकेतल्या पार्सन्स गावी धुवायला नेला. तिथल्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे थांबवले.

एक्टाक्रोमचे तसे नव्हते. १९४६ च्या या फिल्ममध्ये रंगद्रव्ये आधीच घातलेली, त्यामुळे हौशी माणूस ती घरी धुवू शके. खोली पूर्ण काळोखी करून रोल चक्रीवर गुंडाळायचा आणि डब्यात बंद करायचा. पुढचे काम उजेडात. पहिल्या द्रावणात काळे-पांढरे उलटे चित्र उमटते. मग उरलेल्या भागाला दिव्याचा प्रकाश दाखवून रंगाचे द्रावण. शेवटी चांदी काढून टाकली की नुसते रंग राहतात. जुन्या पद्धतीत द्रावण २४ अंशांवर चाले. पुढच्या ई-६ पद्धतीत पहिले द्रावण नेमके ३८ अंश सेल्सिअस आणि वेळ ६ मिनिटे. अर्ध्या अंशाने रंग बिघडतो, म्हणून बाटल्या ऊन पाण्याच्या घमेल्यात ठेवायच्या. (हे घमेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, आणि उरलेले पाणी गुरांच्या हौदाकडे किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नये.)

एक्टाक्रोमही २०१२ मध्ये थांबली होती. २०१८ मध्ये कोडॅकने ती पुन्हा काढली.

तेव्हा रोलवर ई-६ लिहिले असेल तर आशा आहे. रंग फिके येतील, पण चेहरा ओळखू येईल. ई-३ किंवा ई-४ असेल तर ३८ अंशांच्या पाण्यात घालू नका, थर सुटण्याची भीती असते. कोडॅक्रोम निघाली तर आता काळे-पांढरेच चित्र मिळेल. तेही जाणकाराकडूनच करून घ्या. तोवर रोल ओलीपासून दूर, कोरड्या डब्यात ठेवा.