माजघरात ट्यूबलाइट कुणी लावली?

‘काहीच दिसत नाही राव’ ही सिनेमावरची सगळ्यात स्वस्त टीका. ‘तुंबाड’ भर उन्हात, एसटीच्या खिडकीशी बसून मोबाइलवर बघायचा आणि दोष छायाचित्रकाराला द्यायचा! पंकज कुमार यांनी कंदिलाच्या पलीकडचं मुद्दाम अंधारात ठेवलंय. भीती तिथंच तर आहे.

आणि याच तक्रारीला घाबरून मालिकावाले काय करतात? गोष्टीत वीज गेलेली, सुनेच्या हातात मेणबत्ती, तरी कोपऱ्यातला हंडा लखलखतोय. माणसाची सावलीसुद्धा पडत नाही. याला मी खोटं बोलणं म्हणतो.

आमच्या कागलातल्या जुन्या कौलारू घरांत दिवसाही उजेड येतो तो दारातून, नाहीतर छपरातल्या एखाद्या काचेच्या कौलातून. चुलीपुढच्या बाईचा अर्धा चेहरा अंधारातच असतो. कुणाच्या वाट्याला खिडकी आली आणि कुणाच्या नाही, हे तो उजेड सांगतो. तेच घर चारी बाजूंनी उजळलं की गरिबीचा नुसता सेट होतो.

हे कळायला परदेशी सिनेमे नकोत. इथून वीसेक किलोमीटरवर, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या ‘सिंहगड’साठी कृत्रिम प्रकाश वापरला. दिवे हाताशी आले म्हणून त्यांनी सगळं उजळून टाकलं नाही. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मधली अंधारी झोपडी जाणकारांच्या लक्षात राहिली. सावकारानं जमीन गिळलेल्या शेतकऱ्याच्या गोष्टीत तो काळोख शोभेसाठी नव्हता.

‘आमच्याकडं लाइट नाहीत’ असं शॉर्टफिल्म करणारी पोरं म्हणतात. दहा बाय दहाच्या खोलीत दिवे कमी असलेलेच बरे. पांढरी भिंत जवळ असते. उजेड तिच्यावर आपटून परततो आणि सावल्या पुसतो. त्या भिंतीवर काळं कापड टांगा. दिवा एकच ठेवा, तो कुठून येतो ते प्रेक्षकाला कळू द्या. मोबाइल आपणहून अंधार उपसायला जातो आणि चित्रात दाणे आणतो. म्हणून उजळ भागावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा, मग थोडं खाली ओढा.

लोक म्हणतील, दिसत नाही. म्हणू देत. त्यांना सांगा, खोलीतला लाइट बंद करून बघा.